कोलंबसकर यांना उत्तर: ट्रेसल पहिलाच राहणार

कोलंबसकर,

एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला छळणाऱ्यांची माझी यादी तुम्हाला पटलेली नाही. तुम्ही विचारता, ओहायो स्टेट या आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा कोच अर्बन मायर याने आम्हाला सातपैकी सात वेळा हरवलं, तरी तो दुसरा आणि तिथलाच आधीचा कोच जिम ट्रेसल पहिला कसा? ट्रेसल तर नियम मोडून पायउतार झालेला माणूस. वूडी हेज आणि रायन डे या तिथल्याच कोचांचा पत्ता नाही, पण एका प्लेपुरता (खेळीपुरता) दिसलेला जेलन वॉट्स-जॅक्सन मात्र आहे. आणि मुळात मराठीत हे रडगाणं कशासाठी?

शेवटचं आधी. शिकलो अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठ तिथलंच, त्यामुळे व्यसन तिथलं लागलं; पण कण्हायचं तर मराठीतच जमतं.

आता ट्रेसल. तुम्ही ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला राहता म्हणता, तर जॉन कूपरचा काळ तिथल्या जुन्या लोकांना विचारून बघा. १९८८ ते २००० या तेरा वर्षांत ओहायो स्टेटचा हा कोच मिशिगनविरुद्ध दोन सामने जिंकला, एक बरोबरीत सुटला आणि दहा हरला. छळत होतो ते आम्ही. संघ चांगला असायचा, खेळाडू एकाहून एक सरस, आणि मोसमाच्या शेवटच्या शनिवारी आमच्यासमोर हमखास माती खायची. मग जानेवारी २००१ मध्ये नेमणूक होताच ट्रेसल बास्केटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला माइक हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या मुलांचा तुम्हाला अभिमान वाटेल, वर्गात, गावात आणि विशेषतः आजपासून ३१० दिवसांनी अ‍ॅन आर्बरच्या मैदानावर. स्वेटर-व्हेस्ट घालणारा, एखाद्या बँक मॅनेजरसारखा दिसणारा माणूस. आम्ही हसलो. ३१० दिवसांनी ओहायो स्टेट २६-२० ने जिंकलं. अ‍ॅन आर्बरमध्ये १९८७ नंतर पहिल्यांदाच. त्याच्या दहा वर्षांत आम्ही त्याला एकदाच हरवू शकलो, २००३ मध्ये.

मायरला मिळाली ती मळलेली वाट. तो २०१२ मध्ये आला तोपर्यंत ओहायोसमोर हरायची सवय आमच्या अंगवळणी पडली होती. त्याचे घाव मोठे होते हे कबूल. २०१६ मध्ये दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये, चौथ्या डाउनवर (म्हणजे शेवटच्या प्रयत्नात) ओहायोच्या जे. टी. बॅरेटचा चेंडू हव्या त्या रेषेपर्यंत पोचला की नाही, यावर आमच्याकडे आजही जेवणं थंड होतात. (नाही पोचला.) पंचांनी पोचला म्हटलं, पुढच्याच प्लेला त्यांचा कर्टिस सॅम्युएल टचडाउनला (गोलरेषेपलीकडे) गेला आणि आम्ही ३०-२७ ने हरलो. पण मायरच्या वेळी आम्ही वाईटाची तयारी ठेवून बसायचो. ट्रेसलच्या काळात जिंकणारच असं वाटत असायचं, आणि ते त्याने एकेका वर्षी मोडून काढलं.

२००५ घ्या. आम्ही २१-१२ ने पुढे, सामना शेवटाकडे आलेला, आणि समोर त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ट्रॉय स्मिथ. आधी एक टचडाउन, २१-१९. मग पुन्हा चेंडू त्यांच्याकडे. स्मिथ पळता पळता मैदानाच्या टोकाकडे उंच फेकतो, अँथनी गोन्झालेझ आमच्या बचावपटूच्या वर झेपावून चार यार्डांच्या रेषेजवळ तो झेलतो. २४ सेकंद उरले असताना टचडाउन, २५-२१. हाच गोन्झालेझ पुढे ओहायोतून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. त्याचं राजकारण काहीही असो, त्याला मी मत दिलं नसतं. स्मिथ आमच्याविरुद्ध तीन वेळा जिंकला आणि सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी २००६ ची हाइझमन ट्रॉफीही घेऊन गेला.

नियमांचं म्हणाल तर बरोबर आहे. खेळाडूंनी संघाच्या वस्तू देऊन टॅटू काढून घेतले, ट्रेसलला ते माहीत होतं, त्याने ते दडवलं आणि २०११ मध्ये राजीनामा दिला. २०१० चे विजय कागदावरून पुसले गेले, त्यात आमच्यावरचा ३७-७ चाही होता. पण ही यादी सद्गुणांची नाही. शिवाय २०२३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणानंतर आमच्या बाजूने कोणी सोवळं नेसून बसू नये.

हेज मुद्दाम गाळला. बो शेंबेकलर त्याच्याच हाताखाली तयार झाला आणि मिशिगनला कोच म्हणून येऊन दहा वर्षांत त्याच्याविरुद्ध पाच जिंकला, चार हरला, एक बरोबरीत. ही लढत होती. बरोबरीच्या भांडणाला मी छळ म्हणत नाही.

वॉट्स-जॅक्सनला मात्र हात लावू देणार नाही. १७ ऑक्टोबर २०१५, आमच्याच राज्यातल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाविरुद्ध आम्ही २३-२१ ने पुढे, १० सेकंद बाकी. फक्त पंट मारून (चेंडू लांब लाथाडून) मोकळं व्हायचं. आमच्या ब्लेक ओ'नीलच्या हातून स्नॅप (मागे फेकलेला चेंडू) निसटला, त्याने तसाच लाथाडायला बघितला, चेंडू उडाला तो थेट वॉट्स-जॅक्सनच्या हातात. ३८ यार्ड पळत तो टचडाउनला पोचला तेव्हा घड्याळात शून्य होतं. त्या क्षणापर्यंत मिशिगन स्टेट अख्ख्या सामन्यात एकदाही पुढे नव्हतं. त्या धावेत बिचाऱ्याचा खुबा मोडला आणि मोसम तिथेच संपला. त्याचा राग करावा तर तेही जमत नाही, हा छळ वेगळाच.

आणि त्या संघाचा कोच कोण? मार्क डँटोनिओ. २००७ मध्ये आमच्या माइक हार्टने मिशिगन स्टेटला 'धाकटा भाऊ' म्हणून हिणवलं, त्यानंतर डँटोनिओ सलग चार वर्षं आमच्याविरुद्ध जिंकला. या सगळ्याआधी तो कोलंबसला बचावफळीचा प्रमुख होता, ट्रेसलच्या हाताखाली. म्हणजे ईस्ट लान्सिंगचा (मिशिगन स्टेटच्या गावचा) त्रासही त्याच घरातून आलेला. अजूनही ट्रेसल दुसरा म्हणता?

राहिला रायन डे. २०१९ मध्ये त्याने ५६-२७ ने धुतलं, पण २०२१ ते २०२४ आम्ही ओळीने चार जिंकलो. २०२४ ला तर तुमच्याच अंगणात, १३-१०. त्याच मोसमात तो राष्ट्रीय विजेता झाला आणि तरी कोलंबसमधली निम्मी जनता त्याच्यावर रुसलेली, हे बघून मला मिळालेला आनंद तुम्हाला सांगत नाही. २०२५ मध्ये अ‍ॅन आर्बरला येऊन २७-९ ने जिंकला, म्हणून त्याचा अर्ज दाखल करून घेतला आहे. निर्णय दोन-तीन वर्षांनी.