तसं असेल तर

आईचं विसरणं आधी माझ्या लक्षात आलं, तेही फोनवर. दर रविवारी आम्ही बोलतो. एका रविवारी दहा मिनिटांत तिने तीच हकीकत तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा ती नव्याने सांगतेय अशा उत्साहात होती. मी दादाला म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या, स्मृतीच्या चाचण्या करून घेऊ. तो म्हणाला, "अगं, तसलं काही असेल तर आईला घरी एकटीला ठेवता येणार नाही. आमच्या दोघांच्याही नोकऱ्या. तसलं काही नाहीये, वय झालंय तिचं."

आईला एकटीला ठेवता आलं नसतं, हे खरं होतं. दोघांच्या नोकऱ्या, हेही खरं. पण या दोन्हींतून 'तसलं काही नाहीये' कसं निघतं? आईच्या मेंदूत काय चाललंय हे दादा-वहिनीच्या नोकऱ्यांवरून कळत नाही.

तर्कशास्त्रात याला परिणामांवरून केलेला युक्तिवाद म्हणतात. एखादी गोष्ट मानली तर वाईट होईल, म्हणून ती खोटी. किंवा मानली तर भलं होईल, म्हणून ती खरी. मायदेशातल्या चर्चा मी इथून रोज ऐकते, वाचते, आणि ही चाल मला पुन्हा पुन्हा भेटते. कारखान्यामुळे नदीचं पाणी बिघडलं का, असं कुणी विचारलं की उत्तर येतं, 'तसं म्हटलं तर शेकडो लोकांचे रोजगार जातील.' परीक्षेचा पेपर फुटला का? 'तसं असेल तर सगळ्या मुलांना पुन्हा परीक्षेला बसावं लागेल.' एखाद्या थोर माणसाविषयी जुन्या कागदांतून काही अप्रिय निघालं, तर कागद अस्सल आहे का हे विचारायच्या आधीच, मुलांनी मग आदर्श कुणाचा ठेवायचा, यावर वाद पेटतो. ज्यांच्याशी माझं मत जुळतं तेही असंच बोलतात, आणि तेव्हा ते माझ्या कानाला खटकत नाही. हे मला जास्त गंभीर वाटतं.

घोटाळ्याचं एक कारण 'परिणाम' या शब्दातच आहे. एक परिणाम विधानातून निघतो, दुसरा ते विधान मानल्यामुळे आपल्यावर होतो. पहिल्यावरून वाद घालणं पूर्णपणे रास्त आहे. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे खरं ज्ञान कसं मिळतं याचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, तर्क या शब्दाला हाच नेमका अर्थ आहे. समोरच्याचं म्हणणं घटकाभर मान्य करायचं आणि त्यातून अनिष्ट प्रसंग कसा ओढवतो ते दाखवायचं. डोंगरावर धूर दिसतोय. समजा तिथे आग नाही, तर मग आगीविना धूर निघाला असं मानावं लागेल. इथे अनिष्ट म्हणजे आपल्याला नकोसं असा अर्थ नाही. जे आधीच पक्कं ठाऊक आहे त्याच्याशी विसंगत, असा आहे. आणि एवढं करूनही नैयायिक, म्हणजे या दर्शनाचे अभ्यासक, तर्काला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं स्वतंत्र साधन, म्हणत नाहीत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं) ही चारच प्रमाणं. तर्काने त्यांना मदत करायची. इतक्या काटेकोर माणसांचा वारसा सांगणारे आपण, वादाच्या वेळी नकोसं आणि असंभव यांतला फरक का विसरतो?

मी व्हिएन्नात राहते. इथल्या जुन्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात आता विद्यापीठ भरतं, आणि त्या चौकांतून जाताना मला दर वेळी इथे काम केलेले डॉक्टर सेमेलवाइस आठवतात. १८४० च्या दशकात या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत, आणि हे बायकांना ठाऊक होतं. तिथे भरती करू नका म्हणून त्या विनवण्या करत. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे सहकारी कोलेच्का शवविच्छेदनात विद्यार्थ्याच्या हातातलं पातं लागून आजारी पडले आणि दगावले. त्यांच्या शवात बाळंतज्वरात दिसतात तशाच खुणा होत्या. सेमेलवाइस यांनी दुवा जोडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून सरळ प्रसूतीला येतात. रोग त्यांच्या हातांवरून येत असावा. तसं असेल तर हात नीट धुतल्यावर मृत्यू घटले पाहिजेत. मेच्या मध्यापासून क्लोरीनच्या द्रावणात हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं, जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं.

दादाच्या तोंडचंच 'तसं असेल तर' इथेही आहे, पण ते विधानाला कसोटीवर नेतं. दादाचं 'तसं असेल तर' कसोटीची वाटच बंद करत होतं.

सेमेलवाइस यांचं म्हणणं बहुतेकांनी नाकारलं. विरोधकांकडे शास्त्रीय आक्षेप नव्हतेच असं म्हणणं अन्यायाचं होईल. दूषित हवेने रोग पसरतो ही तेव्हाची प्रतिष्ठित समजूत होती, आणि खुद्द सेमेलवाइस यांचा सविस्तर ग्रंथ बऱ्याच उशिरा, १८६१ मध्ये आला. पण ते मानायचं म्हणजे काय मानायचं होतं, हेही पाहा. आपल्याच हातांनी इतकी वर्षं माणसं मारली. कील शहरातले प्रसूतितज्ज्ञ मिखाएलिस यांनी ते मानलं. त्यांनी आपल्या रुग्णालयात हात धुण्याची पद्धत सुरू केली. पण ज्या नातलग बाईचं बाळंतपण त्यांनी स्वतः केलं होतं आणि जी नंतर तापाने गेली, तिच्या मरणाचं ओझं त्यांना पेलवलं नाही. १८४८ मध्ये त्यांनी जीव दिला.

म्हणून परिणामांची भीती वाटणाऱ्याला मूर्ख ठरवणारं लिखाण मला आवडत नाही. ती भीती खरी असते. तिच्यामुळे विधान खोटं ठरत नाही, एवढंच.

परदेशात हा दोष नाही, असं मायदेशी अनेकांना वाटतं. मला सुरुवातीला वाटायचं. इथल्या बैठकींत कुणी 'लोकांच्या भावना दुखावतील' म्हणत नाही. 'हा निष्कर्ष आत्ता उपयोगाचा नाही' म्हणतात. शब्द सभ्य आहेत, चाल तीच. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर या अंतराळयानाच्या उड्डाणाआधी फोनवर बैठक झाली. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते, थंडीत जोडांवरची रबरी कडी नीट काम करत नाहीत. १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको. त्यावर नासाच्या एका अधिकाऱ्याने विचारलं, मग आम्ही उड्डाण कधी करावं असं तुमचं म्हणणं आहे, पुढच्या एप्रिलमध्ये? वेळापत्रक कोलमडेल, ही काळजी खोटी नव्हती. रबराला मात्र वेळापत्रक कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यान झेपावलं आणि ७३ सेकंदांत फुटलं. सातही अंतराळवीर गेले.

परिणामांना विचारात स्थान आहेच. ते कुठे, एवढं ठरवावं लागतं. काय करावं, हा प्रश्न तर परिणामांशिवाय सुटतच नाही. किती पुरावा मागायचा, हेही त्यांवरूनच ठरतं. निरपराध माणूस तुरुंगात जाण्याचा धोका असतो म्हणून न्यायालय गुन्ह्याचा भक्कम पुरावा मागतं. पण हाती आलेला पुरावा काय सांगतो, हे परिणामांनी ठरवायचं नाही. नदीचं पाणी बिघडलंय हे मान्य करूनही रोजगार वाचवायच्या वाटा शोधता येतात. मान्यच केलं नाही, तर कुणी शोधायलाच बसत नाही.

हे सगळं मी दादाला ऐकवलं, आणि तो चिडला. "तुला तिथे बसून खरं-खोटं करणं सोपं आहे," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. दूर राहणाऱ्याच्या वाट्याला निष्कर्ष येतो, त्याची किंमत घरी असलेले मोजतात. नदीबद्दल इथून लिहिताना माझा रोजगार जाणार नसतो. यामुळे माझं म्हणणं चुकीचं ठरत नाही, पण ते कोणत्या आवाजात मांडायचं हे त्यावर अवलंबून असायला हवं. मी ते नीट केलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली नव्हती. आईचं विसरणं मला त्या रविवारच्या सहा महिने आधीपासून जाणवत होतं. तसं असेल तर मला परत जावं लागेल, या विचाराने पोटात गोळा यायचा आणि मी स्वतःलाच सांगायचे, फोनवर नीट ऐकू येत नसेल तिला. दादाचंच वाक्य मी माझ्या भाषेत म्हणत होते. हे मी त्याला गेल्या महिन्यात सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात घेऊन जातो तिला."

चाचण्या झाल्या. आजाराची सुरुवात आहे. कुणी किती दिवस थांबायचं, मदतनीस ठेवायची का, माझी नोकरी की त्याची, यावर आमचं अजून एकमत नाही, आणि यातला प्रत्येक प्रश्न परिणामांचाच आहे. परवा फोनवर आम्ही यावरूनच बोलत होतो आणि आई मागे येऊन उभी राहिलेली दादाला कळलं नाही. कशावरून भांडताय, तिने विचारलं. दादा गप्प झाला. मी तिला सगळं सांगितलं.

"मला कधीपासून वाटतंय," आई म्हणाली. "तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."