विझिंजम बंदराला जागेमुळेच महत्त्व आहे, तो फॉरवर्ड चुकीचा आहे

"पैसा ओतला, क्रेन उभ्या केल्या की कुठेही विझिंजम होतं, केरळातल्या त्या कोळी गावाला ना इतिहास ना काही, आणि रेल्वेसुद्धा नाही" असा केरळातल्या विझिंजम या कंटेनर बंदराबद्दलचा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. राग येतो वाचून, कारण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

कुठेही होत नाही हो! तिथे किनाऱ्याजवळच 18 ते 20 मीटर नैसर्गिक खोली आहे आणि वाळू-गाळ फार वाहून येत नाही, म्हणून सारखं ड्रेजिंग, म्हणजे तळाचा गाळ उपसणं, करत बसावं लागत नाही. आपल्या जेएनपीएचं (न्हावा शेवा बंदराचं) चॅनल, म्हणजे जहाजांचा मार्ग, 15 मीटरपर्यंत न्यायला केवढा उपसा करावा लागला आणि गाळ तरी येतच राहतो, तो काढतच राहावा लागतो. शिवाय युरोप ते पूर्व आशिया हा जहाजांचा मेन रूट विझिंजमपासून जेमतेम 10 सागरी मैलांवर, म्हणजे मोठ्या जहाजाला वाट वाकडी करावीच लागत नाही. जून 2025 मध्ये एमएससी इरिना हे जहाज आलं, 24 हजारांवर कंटेनर नेणारं, 400 मीटर लांबीचं, ते उगाच नाही आलं. पैसा लागलाच, भर समुद्रात जवळपास 3 किलोमीटरचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, घालावा लागला, पण पैशाने खोली आणि रूट विकत मिळत नाही.

आता इतिहास. विझिंजम ही "आय" नावाच्या जुन्या राजघराण्याची राजधानी होती! आठव्या शतकातल्या पांड्यांच्या ताम्रपटात इथल्या उंच तटाचं आणि समुद्राच्याच खंदकाचं वर्णन आहे, पुढे राजराज चोळाच्या काळात चोळांनीही हे जिंकलं. पांड्य काय, चोळ काय, सगळे याच एका जागेसाठी का भांडले असतील याचा विचार करा ना जरा. गावात आठव्या शतकातलं खडकात कोरलेलं छोटं लेणं अजून आहे, बाहेर शिव-पार्वतीची शिल्पं अर्धवट राहिलेली, कोवलमला फिरायला जाणाऱ्यांनी जरूर बघावं, अगदी जवळ आहे.

रेल्वेचं म्हणाल तर ट्रान्सशिपमेंटला ती लागतच नाही, मदरशिपवरचे, म्हणजे मोठ्या जहाजावरचे, कंटेनर उतरवून छोट्या फीडर जहाजांवर चढवले की काम झालं. आपला असा बहुतेक माल कोलंबो, सिंगापूरला जाऊन फिरतो, तो इथे वळवायचाय. तरीही जवळच्या बलरामपुरम रेल्वे स्टेशनपर्यंत सुमारे 10.7 किलोमीटरची लाईन ठरलीय, बहुतेक बोगद्यातून, आणि ते काम आपल्या कोकण रेल्वेकडेच आहे.

आणि त्या मेसेजमध्ये "कोळी गाव" हे ज्या तुच्छतेने लिहिलंय ते मला सगळ्यात जास्त खटकलं. तिथल्या मच्छीमारांनी 2022 मध्ये किनारा खचतोय, घरं जातायत म्हणून महिनोन्महिने आंदोलन केलं. पोर्ट चांगलं आहे म्हणून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही, त्यांचं पुनर्वसन नीट व्हायलाच पाहिजे.