लॉकने विकेट सोडल्या म्हणे!

इंग्लंडचा ऑफस्पिनर जिम लेकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत घेतलेल्या १९ विकेट कशा ‘खोट्या’ होत्या हे सांगणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. दादाने तो फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण ऑफस्पिन टाकणाऱ्या भाच्याने विचारलं, “आत्या, म्हणजे सगळं खेळपट्टीच करते का? आपण नुसतं टाकायचं?” तेव्हा मात्र डोकं सटकलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: १९५६ साली मँचेस्टरला इंग्लंडने हवी तशी खेळपट्टी करून घेतली. पंच त्यांचेच. दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्या इंग्लंडच्याच फिरकी गोलंदाज टोनी लॉकने मुद्दाम विकेट घेतल्या नाहीत. लेकर त्या एका सामन्यापुरताच. आणि शेवटी, खरे ‘दहावाले’, म्हणजे कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा विकेट घेणारे, फक्त आपला कुंबळे आणि मुंबईत जन्मलेला न्यूझीलंडचा एजाज पटेल.

लॉकपासूनच सुरुवात करते, कारण यापेक्षा हास्यास्पद मुद्दा शोधून सापडणार नाही. त्या सामन्याचं स्कोअरकार्ड कुणालाही बघता येतं. लॉकने दोन्ही डावांत मिळून ६९ षटकं टाकली आणि त्याला मिळाला एक बळी, पहिल्या डावात जिमी बर्क. उपकार करायचे असते तर माणूस इतकी षटकं जीव तोडून टाकेल? लेकर आणि लॉक दोघे सरे या इंग्लिश काउंटीचे, एकाच संघातले आणि एकमेकांशी चुरस असलेले. त्याच मोसमात लॉकने केंटविरुद्ध एका डावात स्वतः दहाच्या दहा घेतले होते. आधीच्या लीड्स कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या २० पैकी ७ विकेट त्याच्या होत्या. मँचेस्टरला समोरून विकेट पडत गेल्या तसा तो चिडून आणखी जोरात आणि आखूड टाकत गेला आणि त्याच्या हाती काही लागलं नाही. राग आला की फिरकी गोलंदाजाचं असंच होतं. उलट शेवटच्या विकेटसाठी सहकाऱ्याने मुद्दाम स्टंपांपासून लांब चेंडू टाकल्याचा किस्सा दिल्लीच्या कोटला मैदानावरच्या १९९९ च्या पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीचा आहे. श्रीनाथने तसं केलं, कुंबळेला दहावी मिळावी म्हणून. मेसेज लिहिणाऱ्याने इकडचं तिकडे चिकटवलंय.

आता खेळपट्टी. बरं, इथे निम्मं खरं आहे, ते देऊन टाकते. ती कोरडी होती, धूळ उडत होती आणि ऑस्ट्रेलियन चिडले होते, त्यात नवल नाही. इंग्लंडने ४५९ केल्या तेव्हा ती फलंदाजीला बरी होती, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या जॉन्सन आणि बेनॉने ४७-४७ षटकं टाकून दोघांत मिळून ६ विकेट काढल्या, ही तुलना मी फार ताणणार नाही. पण लॉक तर त्याच दिवसांत, त्याच फलंदाजांना टाकत होता! मध्ये पाऊस आला, खेळपट्टी मंदावली, आणि शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे फलंदाज मॅक्डोनाल्ड आणि क्रेग जेवणापर्यंत टिकलेही. मग ऊन पडलं. त्यानंतर जे झालं त्यात उन्हाचा वाटा आहेच. पण ऊन दोन्ही टोकांवर पडलं होतं. लेकर १६.४ षटकांत ३७ धावांत ९ आणि ५१.२ षटकांत ५३ धावांत १०. दुसऱ्या डावात षटकामागे जेमतेम एक धाव. नुसत्या फिरणाऱ्या खेळपट्टीवर हे होत नाही. चेंडू खूप फिरतो तेव्हा टप्पा सांभाळणं जास्त अवघड असतं, आणि हेच त्या पोराला कुणीतरी सांगायला हवं.

पंच? लेकरच्या १९ पैकी पायचीत तीन. पाच त्रिफळाचीत, दहा झेलबाद, एक यष्टिचीत. त्या झेलांतले पाच तर एकट्या ॲलन ओकमनने घेतले. पंचांनी त्याचे हात धरले होते का?

एका सामन्यापुरता म्हणे! ४६ कसोटींत १९३ विकेट, सरासरी २१.२४. त्याच १९५६ च्या मे महिन्यात सरेकडून याच ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध एका डावात ८८ धावांत १०. पूर्ण मालिकेत ४६. त्याआधी १९५० मध्ये ब्रॅडफर्डच्या निवड सामन्यात १४ षटकांत २ धावा देऊन ८. एवढं करूनही त्या हिवाळ्यात त्याला ऑस्ट्रेलियाला नेलं नाही. इंग्लंडच्या निवड समितीने त्याचे लाड केले असं म्हणायचं असेल तर आधी याचं उत्तर द्या.

राहिले कुंबळे आणि एजाज. दोघेही थोर, त्याबद्दल वाद नाही. पण खेळपट्टीवरूनच मोजायचं तर कोटलाचंही मोजा. महिनाभर आधी, जानेवारी १९९९ मध्ये, ती खेळपट्टी शिवसैनिकांनी उखडली होती आणि नंतर दुरुस्त केली होती. त्याच सामन्यात पाकिस्तानचा ऑफस्पिनर सकलेननेही दोन्ही डावांत पाच-पाच घेतले. आणि वानखेडेवर एजाजने भारताचे दहा घेतल्यावर न्यूझीलंडचा अख्खा संघ ६२ मध्ये गारद झाला. त्या दोन खेळपट्ट्यांबद्दल तुमच्या मेसेजमध्ये एक ओळ नाही, दादा.