सतराव्या वर्षी अर्ज भरता येतो, मत नाही देता येत

गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘अकरावी-बारावीच्या मुलांकडून मतदार नोंदणीचे फॉर्म भरून घेतात, म्हणजे अल्पवयीनांना यादीत घुसवतात. आधार सक्तीने मागतात. मुलं उद्या पुण्या-बंगळुरूला जाणार, नाव इथे कशाला? अठरा झाल्यावर भरतील, घाई काय? आणि चार पोरांच्या मतांनी काय होतं?’ मी फोंडा तालुक्यात बारावीला शिकवते. हे फॉर्म मी मुलांशेजारी बसून भरून घेतले आहेत, म्हणून गप्प राहवत नाही.

अल्पवयीन यादीत येतात, हे साफ खोटं. संविधानाच्या कलम ३२६ प्रमाणे मतदाराचं वय अठरा, आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. २०२२ पासून बदललं ते एवढंच: पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख, म्हणजे ज्या दिवशी वय अठरा पूर्ण असावं लागतं ती तारीख, होती, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही आहेत. सतरा पूर्ण झालेल्यांचा फॉर्म ६, म्हणजे नव्या मतदाराचा नोंदणी अर्ज, आगाऊ घेतात आणि अठरा भरल्यानंतरच्या पात्रता तारखेला तो विचारात घेतात. तोवर यादीत नाव नाही, कार्डही नाही.

आता ‘घाई काय?’ हा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. २०२४ ची लोकसभा आठवा. गोव्यात मतदान ७ मे रोजी झालं, पात्रता तारीख होती १ एप्रिल. उमेदवारी अर्जांची मुदत १९ एप्रिलला संपली, आणि ती संपली की कायद्याने यादीत नवं नाव घालता येत नाही. शिवाय अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. मार्चमध्ये अठरा झालेल्या मुलीने बारावीची परीक्षा आटोपून हे कधी करायचं?

कागदपत्रंही एका दिवसात जमत नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरचं वीज बिल अजून आजोबांच्या नावावर येतं, आजोबा वारून सहा वर्षं झाली. घरपट्टीच्या पावतीवरचा घर नंबर आणखी वेगळा. शेवटी आईचं बँक पासबुक सापडलं, आई त्याच पत्त्यावर मतदार आहे, म्हणून ते चाललं. या शोधाशोधीत दोन आठवडे गेले. ऐन निवडणुकीत हे दोन आठवडे तिला कुठून मिळाले असते?

आधारची काळजी मला कळते, कारण फॉर्मवर आधार क्रमांकाचा रकाना आहेच. पण आधार क्रमांक बंधनकारक नाही, हे निवडणूक आयोगानेच २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. वयासाठी जन्मदाखला किंवा जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र चालतं. कुणी शिक्षक आधारसाठी अडवत असेल, तर ते चुकीचं आहे आणि पालकांनी तसं तोंडावर सांगावं.

बाहेर शिकायला जाणाऱ्यांचं म्हणाल तर वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरचा पत्ता ठेवता येतो किंवा वसतिगृहाचा देता येतो. दोन्हीकडे नाव मात्र ठेवता येत नाही. पुढे पत्ता बदलला तर फॉर्म ८ आहे.

राहिली ती चार पोरांची मतं. २०२२ च्या विधानसभेत प्रियोळची जागा २१३ मतांनी ठरली. आमच्याच तालुक्यातली. सांत आंद्रेत फरक होता फक्त ७६ मतांचा. आमच्या बारावीच्या दोन तुकड्यांत याहून जास्त मुलं बसतात.