रमणबागेतल्या त्या रात्री

सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलींवरचा लेख वाचला आणि मनाने थेट पुण्यातल्या रमणबाग शाळेच्या मैदानावर पोचलो. कॉलेजात असताना दोन वर्षं तिथे स्वयंसेवक होतो. छातीवर बिल्ला, गळ्यात मफलर, काम भारतीय बैठकीकडे. पहाटे तीनला डिसेंबरच्या थंडीत शाली पांघरून बसलेल्या आजी-आजोबांना वाट करून द्यायची आणि कान मात्र स्वरमंचाकडे! शेवटी पंडित भीमसेन जोशी. १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ त्यांनीच सुरू केलेला हा उत्सव. मग सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागायची, हजारो माणसं निःशब्द. रात्री १०ची ध्वनिक्षेपकाची मर्यादा आली आणि पहाटेचे राग मंचावरून गेले, याची हळहळ अजून वाटते. सतरंज्या गुंडाळताना उजाडलेलं असायचं.