अंगठा जपा, मालक

शेती करायचं ठरवलंय म्हणे, मालक. चांगलंय की. मग पहिला सल्ला ऐका: शेतात फार जाऊ नका. अंगठा झिजतो.

आमच्या तात्यांचंच बघा. चाळीस वर्षं खुरपं, दारं धरणं, कांदा कापणं. पीएम किसान या सरकारी योजनेचे पैसे मिळायला ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवणं लागतं; त्यासाठी त्यांना सेवा केंद्रावर नेलं. अंगठा ठेवला, मशिन लाल. धोतराला पुसला, लाल. केसातनं फिरवला, लाल. 'डावा द्या आजोबा.' लाल. ओटीपीनंही होतं म्हणा, पण नंबर थोरल्याचा आणि थोरला हिंजवडीत मीटिंगमध्ये. मागच्या रांगेत भावकीतले एक होते. राहायला सोलापुरात, रान बटईनं दिलेलं, बांध कुठला ते बटईदाराला विचारतात. त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात हिरवा. खरा शेतकरी कोण, ते मशिनला बरोबर कळतं.

पीएम किसानचा हप्ता मिळायला जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आत नावावर हवी. नंतर विकत घेतली तर चालत नाही, वारसानं आली तर चालते. म्हणजे रान बघण्याआधी बाप नीट बघून घ्यायला हवा होता तुम्ही. जमलं असेल तर वर्षाला केंद्र सरकारचे ६ हजार, वर 'नमो शेतकरी' योजनेचे राज्याचे ६ हजार. दिवसाला ३२ रुपये ८८ पैसे. उधळू नका.

आता पीक. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब, उजनीच्या पाण्यावरचा ऊस हे जुन्या माणसांचे नाद. तुम्ही कांदा करा, पण कागदावर. फेब्रुवारी २०२३ आठवतोय का? बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घातला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. पुढं सरकारनं फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागं ३५० रुपये जाहीर केले. या दरानं त्या ५१२ किलोंचे १,७९२ रुपये होतात. कांदा २ रुपयांचा, कागद त्याच्या ८९६ पट. आता तुम्हीच सांगा, खत कशाला घालायचं?

फक्त सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे. ती मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीनं होते. कांद्यात उभं राहून फोटो काढायचा. कांद्यात रेंज नसते, ती विहिरीच्या कठड्यावर असते. कठड्यावर गेलं की ॲप म्हणतं, तुम्ही गटाच्या, म्हणजे तुमच्या जमिनीच्या, बाहेर आहात. तेव्हा पुढच्या वर्षी कांदा कठड्यावर लावा.

ठिबकचंही सांगून ठेवतो. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मगच नळ्या. क्रम चुकला तर नळ्या तुमच्या आणि अनुदान सरकारचं. अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत देतात, पण बहुतेकांना बिल आधी पदरचं भरावं लागतं; पैसे मागनं पडतात. मागनं म्हणजे कधी, हे दुकानदाराला विचारू नये, तो हसतो. (गरिबाचं अनुदान परवडायला हाताशी पैसा लागतो, हे आम्हाला उशिरा कळलं.) आणि हो, तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. जमिनीचं खातं सामाईक असेल तर चुलत्यांशी गोड बोला, जत्रेपुरतं नाही, बारा महिने.

तात्यांचं काय झालं म्हणता? केंद्रावरच्या पोरानं उपाय सांगितला: आठ दिवस रानात जायचं नाही, रात्री अंगठ्याला खोबरेल चोळायचं, मग यायचं. आठवडा नेमका कांदा काढणीचा. तात्या अंगठा वर धरून ओसरीवर बसून राहिले, रोजगारी मिळाले नाहीत, सहाव्या दिवशी अवकाळी आला. नवव्या दिवशी मशिन हिरवं झालं.

कांदा रानातच नासला. पंचनामा झालाय, भरपाईच्या यादीत नाव आलंय. पैसे पडायला परत अंगठा लागतो, म्हणून तात्यांना अजून रानात पाठवलेलं नाही.