शत्रू सांभाळा, गिऱ्हाईक कुठे जातंय!

मोठ्या कंपनीत मार्केटिंगला लागलात? अभिनंदन. पगार गिऱ्हाईक देतं असं कॉलेजात शिकवलं असेल, तर ते आधी विसरा. पगार स्पर्धक देतो. तो नसता तर तुमच्या खात्याला एवढं बजेट कोणी दिलं असतं? म्हणून रोज सकाळी त्याची जाहिरात बघा, त्याचा भाव बघा, त्याने पुड्याचा रंग बदलला की तुमचाही बदला. गिऱ्हाईक काय, असतंच.

त्यातून खान्देश तुमच्या वाट्याला आला असेल तर मे महिन्यात दौरा काढू नका. जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांना टेकतो आणि कंपनीच्या गाडीचा एसी बायपासवरच राजीनामा देतो. नाशिकच्या हॉटेलात बसा, नकाशावर धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना एकच रंग मारा. अहिराणी, तावडी, भिल्ली, पावरी असले बोलींचे बारकावे प्रेझेंटेशनमध्ये मावत नाहीत. स्थानिक माया दाखवायचीच असेल तर ‘खान्देशी भरीत’ चवीचे चिप्स काढा आणि पाकिटावर चकचकीत जांभळं वांगं छापा. बामणोदचं भरिताचं वांगं हिरवं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला मीटिंगला बोलावू नका. असले लोक मीटिंग लांबवतात.

हे मी मनचं सांगत नाही, थोरामोठ्यांनी मळलेली वाट आहे. अमेरिकेत पेप्सीने लोकांना नाव झाकून पेप्सी आणि कोक अशी दोन्ही पेयं चाखायला दिली आणि लोक आपलं पेय निवडतात असं टीव्हीवरून दाखवत सुटली. कोका-कोलाच्या पोटात गोळा आला. त्यांनी साधारण 2 लाख लोकांना नवी चव पाजून पाहिली, ती गोड लागली, आणि 23 एप्रिल 1985 ला जुनं कोक बंद करून नवं आणलं. जुनं कायमचं काढून घेतलं तर चालेल का, एवढं मात्र धड विचारायचं राहिलं. 79 दिवसांत जुनं परत आणावं लागलं. पण यातून भलता धडा घेऊ नका. चाखण्या घेणाऱ्यांना बिलाचे पैसे मिळाले की नाही? मग झालं.

पुढे आपल्याकडे येऊन याच कंपनीने 1993 मध्ये पार्लेकडून थम्स अप विकत घेतलं आणि त्याला कोपऱ्यात बसवलं. घरात आणलेल्या सुनेला स्वयंपाकघरात पाय ठेवू द्यायचा नाही, तशातली गत. लोक मात्र थम्स अपच मागत राहिले, तेव्हा कंपनीला पुन्हा त्याच्या जाहिराती करणं भाग पडलं. विकत घेतलेल्या शत्रूशीही लढायचं असतं, हा तो बाणा.

शत्रू लहान असेल तर आधी त्याच्याकडे बघायचंच नाही. करसनभाई पटेल 1969 पासून अहमदाबादेत सायकलवरून निरमा विकत होते, सर्फच्या साधारण चौथ्या हिश्श्यात. सर्फवाल्या हिंदुस्थान लिव्हरचं म्हणणं, निरमा घेणारं ते आपलं गिऱ्हाईकच नाही. पिवळी पावडर गावोगावच्या धुण्याच्या दगडापर्यंत पोचली तेव्हा जाग आली. मग जी मोहीम आखली तिचं नाव ‘स्टिंग’. निरमाची वाढ रोखण्याचं धोरण, एवढाच त्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ. कपडे, मळ, धुणारी बाई यांपैकी कुणाचंही नाव त्यात नाही. याला म्हणतात एकाग्रता! (त्यातून ‘व्हील’ पावडर निघाली आणि खपलीही, पण अपवाद तुम्ही मनावर घेऊ नका.)

आता प्रत्यक्ष मैदान. अमळनेर-पारोळा रस्त्यावरच्या एका गावात माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. अमळनेर म्हणजे 1945 साली वनस्पती तुपासाठी सुरू झालेल्या विप्रोचं गाव. तिथे शेअर जपून ठेवलेल्यांच्या नशिबाच्या गोष्टी सांगतात. आमच्या आजोबांनी तुपाचा डबा घेतला, शेअर नाही. डबा अजून आहे, त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ असतं.

तर मामांचं शटर. एका मोबाइल कंपनीने ते लाल रंगवून दिलं. पंधरा दिवसांत दुसरीची माणसं बादल्या घेऊन हजर, शटर पिवळं. पोळ्याला पुन्हा लाल, दिवाळीला निळं. प्रत्येकाने जाताना फोटो काढला, वर पाठवला, आणि वर कुठेतरी ‘खान्देशात आपण आघाडीवर’ असा आलेख चढला. गावात रेंज मारुतीच्या पारावर चढल्याशिवाय येत नाही, ही गोष्ट कुणाच्याच फोटोत येत नव्हती.

असे फोटो जमवा. कच्चा माल महागला तर भाव वाढवू नका, त्याने बदनामी होते. पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच ठेवा, आतला माल हळूहळू कमी करा, आणि स्पर्धकाने किती ग्रॅम कमी केले त्यावर डोळा ठेवा. मामा पुडा हातात तोलून एवढंच म्हणतात, “भो, पुडा तोच शे, बिस्किटं कमी व्हई गयात.” त्यांच्या हाताला ग्रॅममध्ये कळतं, पण तो हात तुमच्या सर्वेक्षणात नाही.

गेल्या साली असाच एक साहेब उतरला. कडक इस्त्री, हातात टॅब, मागे दोन पोरं. गल्ल्यासमोर उभं राहून त्याने विचारलं, “काका, या एरियात आमचा मेन काँपिटिटर कोण?”

मामांनी आधी त्याला माठातलं पाणी दिलं. मग शटरकडे बोट केलं.

“ते ऱ्हाऊ द्या साहेब. रंग कवय लावतस? पानी पडाना आधी लावा, खालून गंजी राह्यनं.”

साहेबाने टॅबवर काहीतरी टिपून घेतलं. आठवड्याभरात शटर हिरवं झालं.